टॉवरच्या वादात कॅन्सर आणून कुणाचं भलं झालं?

मराठवाड्यातलं मोबाइल टॉवरविरुद्धचं कुठलंही निवेदन काढून वाचा. नांदेडच्या कॉलनीतलं असो, परभणीच्या गल्लीतलं असो की छत्रपती संभाजीनगरच्या गुंठेवारी (गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या) वसाहतीतलं, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत कॅन्सर येतोच. मग गरोदर बाया, लहान लेकरं, चिमण्या, मधमाश्या आणि खाली पन्नासेक सह्या. कंपनीचं उत्तरही ठरलेलं: किरणोत्सर्ग केंद्र सरकारच्या मर्यादेत आहे, प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. नगरसेवक दोघांनाही 'बघू' म्हणतो आणि टॉवर सुरू होतो. मग गावातले शहाणे बोलू लागतात, 'नेटवर्क पाहिजे पण टॉवर नको, असं कसं चालेल?' माझ्या मते हा वाद दोन्हीकडून चुकीचा लढवला जातो. टॉवर कुठे उभा राहावा, किती उंच असावा, कुणाच्या गच्चीवर यावा, त्याच्या जनरेटरचा धूर कुणाच्या खिडकीत जाऊ नये, यावर ग्रामपंचायतीचा आणि महापालिकेचा अधिकार पक्का हवा, आजच्यापेक्षा जास्त हवा. रेडिएशन मात्र मीटरने मोजायची गोष्ट आहे, त्यावर ग्रामसभेने ठराव करू नये. आणि एक गोष्ट उघड बोलायला हवी. कॅन्सरच्या भीतीवर लढवलेला प्रत्येक वाद शेवटी टॉवर कंपनीच्याच पथ्यावर पडतो.

भीती वेडगळ आहे असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२ब' गटात, म्हणजे कदाचित कर्करोगकारक असू शकणाऱ्या गोष्टींत टाकलं, हे खरं. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, हेही खरं. धोका नव्हताच तर दहापट कमी कशाला केली, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. त्याच वर्षी राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा-रुग्णालयांवरचे टॉवर हटवायला सांगितले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरमधला एक टॉवर एका कर्करोगग्रस्ताच्या अर्जावरून बंद करायला लावला. आणि 'कंपन्या सुरक्षित म्हणतात म्हणून सुरक्षित' यावर भोपाळ पाहिलेल्या देशाने का विश्वास ठेवावा? तंबाखूवाल्यांनीही वर्षानुवर्षं हेच सांगितलं होतं.

पण एकेक मुद्दा नीट उलगडून पाहा. '२ब' गट धोका किती मोठा हे सांगत नाही, पुरावा किती पक्का हे सांगतो. आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्याही त्याच गटात आहेत. शिवाय २०११ चा निर्णय मुख्यतः ज्या अभ्यासांवर उभा होता, ते कानाला लावलेल्या हँडसेटचे होते, गच्चीवरच्या टॉवरचे नव्हते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. तंबाखूची तुलना इथेच मोडते. तंबाखूचं नुकसान १९५० च्या दशकातच आकड्यांत उघडं पडलं होतं, कंपन्या ते झाकत होत्या. इथे भारतात मोबाइल येऊन तीस वर्षं झाली आणि जगभर शोधूनही आकडे तसं बोलत नाहीत. मर्यादा दहापट खाली आणणं ही खबरदारीच होती, आणि ती घेऊन झाली आहे: ९०० मेगाहर्ट्‌झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट. न्यायालयांचे आदेशही खबरदारीचे होते, त्यांना प्रयोगशाळेचे अहवाल समजणं हा आपला उत्साह.

आता टॉवर चालतो कसा ते पाहा, म्हणजे 'शाळेपासून इतके मीटर' या लोकप्रिय मागणीचं काय होतं ते कळेल. अँटेनाचा मुख्य झोत खाली पडत नाही. तो जवळजवळ आडवा, थोडासा जमिनीकडे झुकलेला जातो. दिव्याखाली अंधार असतो तसा टॉवरच्या बुंध्याशी झोत क्षीण असतो, आणि अंतर वाढेल तशी तीव्रता झपाट्याने घसरते. उलट आपल्या हातातला फोन रेंज कमी मिळाली की स्वतःची ताकद वाढवतो. टॉवर गावाबाहेर दोन किलोमीटरवर हाकलला, तर डोक्याला लागलेला फोन जास्त जोर लावणार. लेकरांच्या काळजीपोटी केलेल्या नियमाने लेकरांच्या कानाजवळचीच लहर वाढवायची, यात कसली खबरदारी?

गंमत म्हणजे अंतराचा एक खरा नियम आहे आणि त्याबद्दल कुणी निवेदन देत नाही. दूरसंचार विभागाने २०१२ मध्येच तक्ता दिला. अँटेनाच्या समोर, तिच्याच उंचीवर इमारत असेल तर एका अँटेनासाठी २० मीटर, बारा अँटेनांसाठी ७५ मीटर अंतर हवं. म्हणजे काळजी करायची तर टॉवरखालच्या बालवाडीची नव्हे, रस्त्यापलीकडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची. टॉवर आला तेव्हा समोर रिकामा प्लॉट होता, पाच वर्षांनी तिथे चार मजली अपार्टमेंट उभं राहिलं. त्या अपार्टमेंटचा नकाशा मंजूर कोण करतं? महापालिकेचा नगररचना विभाग. तिथे एफएसआय बघतात, पार्किंग बघतात, सामासिक अंतर बघतात, समोरच्या गच्चीवर काय उभं आहे ते कोण बघतं? केंद्राचा तक्ता आणि महापालिकेची बांधकाम परवानगी यांची गाठच पडत नाही. स्थानिक नियमाने करायचं खरं काम हे आहे, आणि आपण चिमण्यांवर भांडतो आहोत.

मोजणीही कुणी अडवलेली नाही. २०१७ पासून 'तरंग संचार' या सरकारी पोर्टलवर टॉवरची माहिती पाहता येते आणि ४,००० रुपये भरले की दूरसंचार विभागाची माणसं येऊन तुमच्या समोर लहरी मोजून देतात. निवेदनावर सह्या करणाऱ्या पन्नास जणांनी माणशी ८० रुपये काढले की काम झालं. आकडा मर्यादेबाहेर आला तर कंपनीला दंड होतो, आणि तुमच्या हातात कागद येतो. पण मी पाहतो ते असं की ८० रुपये काढायला लोक तयार नसतात, सही करायला असतात. मोजलं आणि काहीच निघालं नाही तर हातातलं एकमेव हत्यार जाईल, ही धास्ती त्यामागे असावी.

एकमेव का? कारण दुसरं हत्यार कायद्याने ठेवलेलंच नाही. २०१६ च्या मार्गाधिकार (म्हणजे टॉवर-तारांसाठी जागा वापरण्याच्या हक्काच्या) नियमांनी कंपनीला सरकारी जागेसाठी ठरावीक मुदतीत परवानगी मिळवून दिली आणि मुदतीत उत्तर आलं नाही तर ती मिळाली असं धरायची सोय केली. २०२२ च्या दुरुस्तीने खासगी जागेवर टॉवर उभारायला स्थानिक संस्थेची परवानगीच नको, अभियंत्याच्या दाखल्यासह नुसती सूचना पुरे, असं ठरवलं. मग २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्याखालचे नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. या सगळ्यात कंपनी आहे, जागामालक आहे, सरकार आहे. शेजारी कुठे आहे? गच्चीचा मालक महिन्याचं भाडं घेतो. रात्री वीज गेली की डिझेल जनरेटरची घरघर शेजाऱ्याच्या उशाला. 'साहेब, मला झोप लागत नाही' हे निवेदन कोण वाचणार? कॅन्सर लिहिला की पेपरात बातमी तरी येते. लोक अडाणी आहेत म्हणून कॅन्सर लिहीत नाहीत. त्यांच्या खऱ्या तक्रारीला रकानाच नाही म्हणून लिहितात.

आणि त्यातून नुकसान त्यांचंच होतं. दोन दशकांपूर्वीच्या दुष्काळात सातारा-सांगलीकडे पवनचक्क्यांमुळे ढग पळतात, पाऊस पडत नाही, अशी हाकाटी झाली. शास्त्रज्ञांना ती खोडायला फार श्रम पडले नाहीत. पण पवनचक्क्यांबद्दल शेतकऱ्यांच्या दुसऱ्याही तक्रारी होत्या: जमीन कुणी कशा भावात घेतली, क्रेनसाठी कुणाच्या रानातून रस्ता काढला, नुकसानभरपाई कुणी खाल्ली. ढग पळवण्याच्या गोष्टीला सगळे हसले, आणि त्या हसण्यात या तक्रारीही वाहून गेल्या. टॉवरचं तेच चाललं आहे. कंपनीला रेडिएशनच्या मैदानावर बोलावलं की ती प्रमाणपत्र घेऊन आनंदाने येते, जिंकते आणि जाते. तिला गच्चीच्या स्लॅबबद्दल कुणी विचारतच नाही.

मराठवाड्याने तर सर्वांत आधी स्लॅबबद्दल विचारायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात काय झालं ते लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगायला नको. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. माणसं भूकंपाने नाही, स्वतःच्या घराच्या वजनाने मेली. ५२ गावं पुन्हा वसवावी लागली. त्यानंतर आपण भूकंपरोधक बांधकामावर भाषणं ऐकली, पुस्तिका वाटल्या, आणि आता त्याच पट्ट्यात कुठल्याही गच्चीवर लोखंडी सांगाडा, बॅटऱ्यांची कपाटं आणि जनरेटर चढवायला कुणाचीही हरकत नाही. अभियंत्याचा दाखला लागतो, हो. पण तो कशावरून देतात? संभाजीनगरच्या गुंठेवारीत हजारो घरं मंजूर नकाशाशिवाय बांधली गेली. त्यांच्यासाठी २००१ मध्ये कायदा करावा लागला, २०२१ मध्ये तो सुधारून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं आत घ्यावी लागली. ज्या घराचा नकाशा नाही, ज्याच्या पायात किती सळई आहे हे बांधणाऱ्या मिस्त्रीलाच ठाऊक, त्याच्या गच्चीचा दाखला अभियंता कुठल्या कागदावरून लिहितो? वळवाच्या वादळात पत्रे उडतात, विजेचे खांब आडवे होतात. त्या वाऱ्यात या सांगाड्यांची परीक्षा दरवर्षी होते. शाळेच्या इमारतीवर टॉवर नको असं मलाही वाटतं, पण कारण वेगळं आहे: त्या स्लॅबखाली लेकरं बसतात.

इथे विरोधकांचा सर्वांत जड आक्षेप येतो आणि तो मला हसण्यावारी नेता येत नाही. स्थानिक संस्थेला अधिकार द्या म्हणजे काय द्या? ना-हरकतीचा दर ठरवायचा परवाना द्या! सरपंचाला एक पाकीट, सदस्यांना एक, गल्लीतल्या भाऊंना एक. मराठवाड्यात हे काल्पनिक नाही. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये एका सरपंचाचा खून झाला, आणि पोलिसांच्या आरोपपत्रानुसार त्याच्या मुळाशी पवनचक्की कंपनीकडे मागितलेली खंडणी होती. कंपनी आली की तिच्याभोवती काय काय जमा होतं, हे त्या प्रकरणाने महाराष्ट्राला दाखवलं. (टॉवरच्या नावाने लुबाडणारे तर कंपनीचेही नसतात. 'तुमच्या शेतात टॉवर, महिन्याला भाडं, आधी नोंदणी फी भरा' अशा जाहिरातींत किती शेतकऱ्यांचे पैसे गेले. दूरसंचार नियामक ट्राय वारंवार सांगते की आम्ही टॉवरला कसलीही एनओसी देत नाही, तरी तिच्या शिक्क्याची बनावट पत्रं फिरतातच.) तेव्हा अधिकार सगळा दिल्लीत ठेवलेला बरा, असं कुणी म्हणालं तर मला त्यामागचा अनुभव कळतो.

पण पाकीट कशामुळे तयार होतं? अधिकारामुळे नाही, कारण न देता 'नाही' म्हणता येतं त्यामुळे. या प्रश्नावर अमेरिकेने १९९६ मध्ये काढलेला तोडगा मला पटतो. तिथल्या दूरसंचार कायद्याने जागा, उंची आणि बांधणी ठरवण्याचा हक्क शहरांकडे आणि काउंटींकडे ठेवला, पण तीन कुंपणं घातली. केंद्रीय मर्यादा पाळणाऱ्या टॉवरला लहरींच्या कारणावरून अडवता येणार नाही. सेवाच बंद पडेल असे नियम करता येणार नाहीत. आणि नकार द्यायचा तो लेखी, ठोस पुराव्यानिशी. जॉर्जिया राज्यातल्या रॉझवेल शहराने पाइनच्या झाडासारखा दिसणारा १०८ फुटी टॉवर नाकारला आणि पत्रात कारणंच लिहिली नाहीत. सभेचं इतिवृत्त बाहेर यायला आठवडे लागले. २०१५ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं की नकार द्या, पण कारणं त्याच सुमाराला लेखी द्या. टॉवर चांगला की वाईट यात न्यायालय पडलंच नाही. या पद्धतीतही खोट आहे. मनात कॅन्सर असलेला माणूस तिथे 'दिसायला वाईट दिसतो' म्हणतो, भीती वेश बदलून येते. येऊ दे. वेश बदलून का होईना, तिला जागेवर जाऊन तपासता येईल असं काहीतरी बोलावं लागतं. आपल्या ग्रामसभेला 'हा टॉवर नको, कारण तो कोसळला तर त्याच्या उंचीइतक्या अंतरात चार घरं आहेत, आणि गायरानात दोनशे पावलांवर मोकळी जागा आहे' असा ठराव लिहायला लावला, तर त्यात पाकिटाला जागा कुठे उरते? कंपनी आव्हान देऊ शकते, तहसीलदार येऊन टेप लावू शकतो.

दुसऱ्या बाजूच्या 'विकासाला विरोध करू नका' या पालुपदाबद्दलही बोललं पाहिजे, कारण त्यात मराठवाड्यातल्या सर्वांत मागे राहिलेल्या माणसांचं नाव वापरलं जातं. किनवट-माहूरच्या जंगलातले, बालाघाटच्या दऱ्यांतले तांडे आणि वस्त्या रेंजसाठी तरसतात, हे खरं आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने बांधावर उभं राहून मोबाइलवर पिकाची नोंद करायची. रेशनच्या मशीनला नेटवर्क हवं, ई-केवायसीच्या ओटीपीला रेंज हवी. राज्यकारभार फोनमध्ये गेला आणि फोन टेकडीवर चढल्याशिवाय चालत नाही, हा अन्याय टॉवरविरोधाच्या अन्यायापेक्षा मोठा आहे, यात मला शंका नाही. पण शहरातल्या खासगी गच्च्या मोकळ्या करून किनवटच्या तांड्यात टॉवर कसा जाणार? तिथे अडतं ते वनविभागाच्या परवानगीवर, विजेवर आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकांच्या संख्येवर. जिथे कंपन्यांना परवडत नाही तिथल्या २४,६८० गावांसाठी केंद्राला २०२२ मध्ये सरकारी पैशाची २६,३१६ कोटींची योजना आणावी लागली आणि काम बीएसएनएलकडे द्यावं लागलं. तांड्याचं दुःख सांगून सवलत मिळवायची आणि ती संभाजीनगरच्या गारखेड्यासारख्या दाट वस्तीत वापरायची, याला विकास म्हणायची माझी तयारी नाही.

मग जागा ठरवायची कुणी आणि कधी? माझं म्हणणं, टॉवर यायच्या आधी. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकी शहरात, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, पाण्याची नहर आणली, तिच्या वाटेवर जागोजागी दगडी मनोरे उभे केले. त्यांची जागा जमिनीच्या उताराने आणि पाण्याच्या दाबाने ठरली, कुणाला भाडं हवं होतं त्यावरून नाही. सिडकोने नवं औरंगाबाद आखलं तेव्हा शाळा, दवाखाना, बाग, बाजार यांच्या जागा कागदावर आधी आल्या. आजच्या विकास आराखड्यात स्मशानभूमीला आरक्षण असतं, टॉवरला नसतं. म्हणून तो घराचा हप्ता फेडायला पैसे कमी पडणाऱ्या पहिल्या गच्चीमालकाकडे जातो. संभाजीनगरचा आराखडा किती वर्षं कोर्टात अडकून पडला ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे आराखड्यावर भाबडा विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण दर प्रभागात महापालिकेच्या दोन-तीन जागा ठरवून, तिथे एकाच मनोऱ्यावर सगळ्या कंपन्यांना बसायला लावणं आणि भाडं पालिकेच्या तिजोरीत घेणं याला आराखड्याचीही वाट पाहावी लागत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव पुरतो.

करांचा विषय तर याहून निकडीचा. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असा निकाल दिला आणि ग्रामपंचायतींना हक्काचं थोडं उत्पन्न मिळालं. २०२३ च्या कायद्याच्या कलम १४ ने दूरसंचार जाळं हे ज्या मालमत्तेवर उभं आहे तिचा भाग धरायचं नाही, करासाठीसुद्धा नाही, असं लिहून ठेवलं. या एका ओळीने पंचायतीच्या वसुलीचं काय होणार, यावर किती ग्रामसभांत चर्चा झाली? एकही निवेदन माझ्या पाहण्यात नाही. आणि २०१८ मध्ये एअरसेल ही मोबाइल कंपनी बुडाल्यावर जे टॉवर मुके झाले, ज्यांचं भाडं थांबलं आणि वीजबिल थकलं, त्यातले काही अजून गच्च्यांवर गंजत उभे आहेत. त्यातून कुठलीच लहर निघत नाही, म्हणून त्यांच्याविरुद्ध कुणी ओरडत नाही. ते उतरवायचे कुणी? घरमालक म्हणतो कंपनीने, कंपनी दिवाळखोरीत. नवा टॉवर उभा करताना तो उतरवण्याच्या खर्चाइतकी अनामत रक्कम ग्रामपंचायतीकडे किंवा पालिकेकडे ठेवायला लावा. भाडेकरारात ही अट घालायला दिल्लीची परवानगी लागत नाही, घरमालकाने सही करण्याआधी करार वाचला तरी पुरे.